भिंतीवर लावायच्या म्हणी आणि फोनवर न म्हणायच्या

ताई, आधी तुमचाच प्रश्न परत लिहिते, म्हणजे मला नीट कळलाय का ते बघा. धाकटा भाऊ पुण्यात एमपीएससी करतोय, तीनदा झालं, एकदा प्रीलिममध्ये गेला, दोनदा मेन्समध्ये. तुम्ही दर फोनला त्याला धीर द्यायला "प्रयत्नांती परमेश्वर" म्हणता आणि तो चिडतो, आता तर फोनच उचलत नाही. म्हणून तुम्हाला चिकाटीवरच्या चांगल्या म्हणी हव्यात, अर्थासकट, प्रिंट काढून त्याच्या खोलीत लावायला.

म्हणी देते, भरपूर देते. पण मी सदाशिव पेठेत ह्याच मुलांना १९ वर्षं मराठी शिकवतेय, त्यामुळे एक गोष्ट आधीच सांगून टाकते. तुमच्या भावासाठी म्हण हा सिलॅबस आहे हो. एमपीएससीच्याच संयुक्त परीक्षेच्या मराठीच्या पेपरात "म्हणी व वाक्प्रचार यांचा अर्थ आणि उपयोग" असं चक्क लिहिलेलं असतं. तुम्ही मायेनं "प्रयत्नांती परमेश्वर" म्हणता तेव्हा त्याच्या डोक्यात चार ऑप्शन उभे राहतात आणि चुकलं तर पाव मार्क कट. माझ्या वर्गातली मुलं तर एकमेकांना म्हणी शिवीसारख्या वापरतात, टेस्ट सिरीजचे मार्क लागले की मागच्या बाकावरून आवाज येतो, "हत्ती गेला शेपूट राहिलं रे!"

आता अर्थ. सगळ्यात जास्त लोक चुकतात ती ओळ आधी घेऊ कारण तुमच्या यादीत ती नक्की असणार, "प्रयत्ने वाळूचे कण रगडिता तेलही गळे". शाळेच्या फळ्यावर, ऑफिसच्या कॅलेंडरवर, निरोप समारंभाच्या भाषणात, सगळीकडे ती चिकाटीची ओळ म्हणून फिरते. मूळ श्लोक भर्तृहरीच्या नीतिशतकातला, त्याचं मराठी वामन पंडितांनी केलंय. पुढं काय आहे ते कुणी वाचतच नाही. पुढं म्हटलंय की तहानलेल्याची तहान एकवेळ मृगजळ पिऊन भागेल, रानात भटकता भटकता सशाचं शिंगसुद्धा एकवेळ सापडेल, पण मूर्खाचं मन वळवणं, ते काही जमायचं नाही! म्हणजे वाळूतून तेल निघतं असं कवीला म्हणायचंच नाहीये, ते निघत नाही हे त्याला पक्कं माहितीये, म्हणून तर उदाहरणाला घेतलंय. आणि आपण नेमकी तीच ओळ तीन वर्षं रगडणाऱ्या पोराला ऐकवतो. पोरगं हुशार असलं तर त्याला पूर्ण श्लोक माहीत असतो आणि मग तो मनात म्हणतो, ताई म्हणतीये माझी परीक्षा म्हणजे वाळू आहे. ही ओळ भिंतीवर नको.

दुसरी, "टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही". ही मला फार आवडते पण वेगळ्या कारणासाठी. टाकी म्हणजे दगड घडवायची छिन्नी. तुम्ही पाट्याला टाकी लावताना बघितलंय का? आमच्या नारायण पेठेतल्या वाड्यात मी लहान असताना वर्षातून एक-दोनदा टाकीवाली बाई यायची, खांद्याला पिशवी, त्यात दोन-तीन टाक्या आणि एक हातोडी, बस्. मिक्सर आल्यावर ते सगळं गेलं. पाटा वापरून वापरून गुळगुळीत झाला की त्यावर मिरची नुसती घसरते, वाटली जात नाही, तेव्हा त्याला टाकी लावून घ्यायची. ती बाई अंगणात पाय पसरून बसायची, पाटा दोन पायांच्या मध्ये, डोळे बारीक करायची कारण कपच्या उडायच्या, आणि टक् टक् टक् टक् एका लयीत, आजीशी गप्पा मारत मारत, ओळीनं बारीक बारीक खळगे पाडत जायची. मी शेजारी बसून बघायचे, मला वाटायचं जोरात मारत असेल, तसं अजिबात नव्हतं, मनगटातनं मारायची. आणि कडेला आली की हात आणखी हलका. मी विचारलं का, तर म्हणाली, कड उडंल न बाय. सगळं झाल्यावर पाटा दोनदा घासून धुवायचा, त्यावर मूठभर तांदूळ वाटायचे आणि ते फेकून द्यायचे, कारण पहिल्या वाटणात दगडाची कच येते.

आता हे डोक्यात ठेवून ती म्हण परत वाचा. सोसण्यावर आपण सगळा भर देतो, घाव कोण घालतंय आणि कुठं घालतंय ते सोडून देतो. मूर्ती घडवणारा चुकला आणि नाक उडालं तर त्या दगडानं कितीही सोसलेलं असो, खंडित मूर्ती कुणी पूजेला ठेवत नाही. तुमच्या भावाचं मेन्सला दोनदा गेलं म्हणता, तर माझ्या धंद्यातला पहिला प्रश्न हा की कुठल्या पेपरात गेलं. दोन्ही वेळा एकाच पेपरात गेलं असेल आणि तो तिसऱ्या वेळीही सगळे विषय सारखेच, चौदा तास, रात्री दोनपर्यंत करत असेल तर ते नुसते घाव आहेत, टाकी लागत नाहीये. मुलं मला अभिमानानं सांगतात, मॅडम रोज चौदा तास. मी म्हणते चौदा तासांचं राहू दे, चुकलेल्या प्रश्नांची वही दाखव. दहातल्या आठ जणांकडे नसते.

बरं, आता खरी चिकाटीची ओळ. ती तुकोबांची आहे आणि तुमच्या भावापासून फार लांबची नाही, देहू इथून तीसेक किलोमीटर. "असाध्य ते साध्य करिता सायास, कारण अभ्यास तुका म्हणे." ही पण सगळ्या अभ्यासिकांमध्ये लावलेली असते आणि मुलांना वाटतं अभ्यास म्हणजे स्टडी, पुस्तकं, नोट्स. साहजिक आहे, आज अभ्यास म्हणजे तेच. तुकोबांच्या वेळी अभ्यास म्हणजे सवय, सराव, तीच गोष्ट परत परत करणं. हे मी मनानं सांगत नाहीये, त्याच अभंगात वरच्या ओळींमध्ये उदाहरण आहे, "साधूनी बचनाग खाती तोळा तोळा". बचनाग म्हणजे जहाल विषारी मुळी. तुमच्या-आमच्यासारख्यांना नुसती बघवत नाही, पण ज्यानं साधलंय तो तोळा तोळा खातो. का खाऊ शकतो? पहिल्या दिवशी तोळा नाही खाल्ला त्यानं. सवय करत करत, अंगाला पचवत पचवत तिथपर्यंत गेला. त्याच अभंगात साप हातात धरणारा पण आहे आणि त्याला बघून थरथर कापणारे बाकीचे पण.

आणखी एका अभंगात ते म्हणतात, "ओलें मूळ भेदी खडकाचें अंग", आणि दोरानं दगड कापला जातो तेही तिथंच आहे. हे ज्यानं गावातला जुना आड बघितलाय त्याला समजावून सांगावं लागत नाही, काठाच्या दगडावर दोराच्या खाचा असतात, बोट आत जाईल एवढ्या. काथ्याचा दोर तो, दगडापुढं काय त्याची ताकद, पण रोज सकाळी त्याच जागेवरून खाली-वर. रोज वेगळ्या जागेवरून ओढला असता तर खाच पडलीच नसती. मुळाचं पण तसंच. ओलं मूळ म्हटलंय हं, वाळकं नाही. वाळकं मूळ खडकात शिरत नाही, मोडतं. ह्या एका "ओलं" शब्दावर मी वर्गात अर्धा तास बोलते आणि मुलं घड्याळ बघतात कारण परीक्षेत हे विचारत नाहीत.

आणि हे सगळं कोण सांगतंय तेही बघा ना. १६३० च्या आसपास जो मोठा दुष्काळ पडला त्यात तुकोबा जेमतेम विशीतले होते, दुकान बुडालं, पहिली बायको अन्न अन्न करत गेली, हे त्यांनी स्वतःच अभंगात लिहून ठेवलंय. अशा माणसानं अभ्यास म्हटलं की आपण गप ऐकतो. तीच ओळ ज्यानं कधी रिझल्टच्या लिस्टमध्ये स्वतःचा नंबर शोधला नाही असा कुणी काका लग्नात प्लेट हातात धरून म्हणाला की पोरं चिडतात, आणि बरोबर चिडतात. म्हणीत अर्थ निम्माच असतो, निम्मा अर्थ ती कोण कुणाला म्हणतंय त्यात असतो. "आलिया भोगासी असावे सादर" हे आजी स्वतःशी म्हणते तेव्हा तिला बळ येतं, कारण सादर म्हणजे हजर, तयार, समोर उभं, त्यात हार मानणं नाहीच. पण तेच तुम्ही दुसऱ्याला म्हणा बघू. "भोग आता" असंच ऐकू येतं.

ह्यात माझा स्वतःचा हात पोळलाय म्हणून सांगते. खूप वर्षांपूर्वी एक मुलगा होता वर्गात, मराठवाड्यातला, अक्षर सुंदर. तो क्लार्कच्या पोस्टला निवडला गेला आणि मला विचारायला आला, मॅडम जॉइन करू की मोठ्या पोस्टसाठी थांबू. मी तेव्हा नवीन होते, जोशात होते, म्हणाले शेंडी तुटो वा पारंबी तुटो, आता माघार नाही! मला वाटलं काय भारी बोललो आपण. त्यानं जॉइन केलं नाही. पुढचे दोन अटेम्प्ट गेले, घरून पैसे यायचे बंद झाले, रात्री एका मेडिकलमध्ये कामाला लागला, आणि तिसऱ्या वर्षी परत क्लार्कचीच परीक्षा देऊन लागला, म्हणजे जिथं होता तिथंच, तीन वर्षं खर्ची घालून. लक्ष्मी रोडवर भेटला एकदा, बायको बरोबर होती, हसत म्हणाला, "मॅडम, पारंबी तुटली." त्याच्या मनात राग नव्हता, पण मला अजून ते आठवलं की कसंतरी होतं. त्या म्हणीत काय चित्र आहे ते मी तेव्हा बघितलंच नव्हतं. वडाच्या पारंबीला शेंडीनं लटकलेला माणूस आहे तो! काहीही तुटलं तरी पडणार तोच. वाक्प्रचार म्हणून जोरदार आहे, भांडणात वापरा, सल्ला म्हणून कुणाला देऊ नका.

त्यानंतर मी वर्गात "अडला हरी गाढवाचे पाय धरी" ही पण चिकाटीची म्हण म्हणून शिकवायला लागले. पुस्तकात तिचा अर्थ वेगळा देतात, शहाण्यालाही अडचणीत मूर्खाची मनधरणी करावी लागते वगैरे, परीक्षेत तोच लिहायचा. पण मी म्हणते हरी आहे ना तो, आणि तरी खाली वाकला, काम झालं, पुढं गेला. गाढवाचे पाय धरल्यानं त्याचं हरीपण कुठं गेलं? अर्धवेळ नोकरी धरणं, एखादी छोटी पोस्ट घेऊन तिथनं मोठीचा अभ्यास करणं, ओपनला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ ची वयोमर्यादा कॅलेंडरवर लिहून ठेवणं, हे सगळं ह्यात बसतं. नाहीतर आमच्याकडं "मोडेन पण वाकणार नाही"वाले पुष्कळ. ती पण आपलीच म्हण आणि "महापुरे झाडे जाती, तेथे लव्हाळे राहाती" ही ओळ पण आपलीच, आता कुठली धरायची? मी पुण्याची आहे त्यामुळे मला उत्तर सोपं जातं. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासला, नदीकाठच्या पेठांमध्ये चांगले दगडी वाडे बसले. माझी आजी भिंतीवर हात ठेवून दाखवायची, इथवर पाणी होतं. आणि पावसाळ्यात खडकवासल्यातून पाणी सोडलं की नदीवरचा भिडे पूल आजही बुडतो, पेपरात फोटो येतो, चार दिवसांनी पाणी उतरलं की गाळ काढतात आणि गाड्या परत सुरू. तुमच्या भावाला सांगा जाऊन बघ, तो पूल ठेंगणा आहे म्हणून दरवर्षी बुडतो, पण बुडणं हे त्याच्या हिशोबातच धरलंय.

बाकीच्या पटकन उरकते. "थेंबे थेंबे तळे साचे" ठीक आहे, पण ती मुळात साठवणीची आहे, चालेल. "कष्टाविना फळ नाही" ही मला जरा निर्दयी वाटते कारण पोरगं लगेच उलटं विचारतं की मग कष्ट करून फळ नाही मिळालं त्याला काय म्हणायचं, आणि ह्याला म्हणीत उत्तर नाही. "अपयश ही यशाची पहिली पायरी" हा शाळेच्या फळ्यावरचा सुविचार आहे, शिवाय तीनदा झालेल्याला पहिली पायरी म्हणजे जखमेवर मीठच. "केल्याने होत आहे रे, आधी केलेचि पाहिजे" ही रामदासांची, ज्याचं सुरूच होत नाही त्याच्यासाठी मस्त. तुमचा भाऊ सुरू न होणाऱ्यातला नाही, त्याला उपयोग नाही. "नव्याचे नऊ दिवस" मात्र लावा खुशाल, टाइमटेबलच्या शेजारीच लावा, हसेल तरी.

बायकांच्या बोलण्यातली एक आहे ती लोक विसरतात, कोंड्याचा मांडा करणे. मांडा म्हणजे बारीक सपिटाचा, हातावर फिरवून पातळ केलेला, खापरावर टाकायचा पदार्थ, आणि कोंडा म्हणजे पीठ चाळल्यावर चाळणीत उरतो तो. कोंड्याचा मांडा होत नाही, तुटतो, तरी बाईनं करून दाखवला. मेसचे पैसे वाचवायला सकाळी चहा-बिस्कीट, दुपारी एकच राइसप्लेट दोघांत, सेकंडहँड पुस्तकं अप्पा बळवंत चौकातून, ही मुलं तेच करतात. पण कौतुक फक्त रिझल्टचं होतं. तुम्ही एकदा त्याला म्हणा की तू कोंड्याचा मांडा करतोयस हे मला दिसतं, बघा काय होतं. तेवढी एक म्हण फोनवर म्हणायला माझी परवानगी, कारण तिच्यात सल्ला नाहीये.

फोन न उचलण्याचं म्हणाल तर "झाकली मूठ सव्वा लाखाची" एवढंच चाललंय त्याचं. घरी रोज विचारतात झालं का, लागलं का, त्यापेक्षा मूठ झाकलेली बरी. उघडायला लावू नका. फक्त एक वेगळं सांगून ठेवते, चिकाटी संपली आणि माणूसच संपत चाललाय ह्यात फरक असतो. खाणं तुटलं, झोप पार गेली, आंघोळ नाही, मित्रांशी पण बोलत नाही, जगून काय करू असं काही निघालं तोंडातून, तर म्हणी-बिणी सगळं बाजूला ठेवायचं, गाडी पकडून यायचं, जवळ बसायचं आणि डॉक्टरकडं न्यायचं. तिथं "आणखी थोडं सोस" हे चुकीचं औषध आहे.

तर भिंतीसाठी माझ्याकडून दोनच. "ओलें मूळ भेदी खडकाचें अंग", आणि त्याच्या खाली छोट्या अक्षरात "आधी पोटोबा मग विठोबा". दुसरी तो कदाचित काढून टाकेल, पहिली राहू देईल असं मला वाटतं. प्रिंट नका काढू, तुमच्या हातानं लिहून पोस्टानं पाठवा, लाडूंच्या डब्याबरोबर पाठवलंत तर आणखी बरं.

आणि फोन रविवारी संध्याकाळी करा. पेठेतल्या बहुतेक मेस रविवारी संध्याकाळी बंद असतात, पोरं सातच्या सुमाराला रस्त्यावर काय खायचं ते शोधत फिरत असतात, तेव्हा उचलतात फोन. विचारायचं एवढंच की आज काय खाल्लंस. रिझल्टची तारीख विचारायची नाही, ती त्याला पाठ आहे.